आईचे फोटो

तो दुकानात शिरला तेव्हा मला आधी दिसला तो त्याच्या कपाळावरचा हेल्मेटचा वळ. मग दोन्ही हातांत धरलेला कॉम्प्युटर. टायरच्या जुन्या ट्यूबने बांधून मोटरसायकलवरून आणलेला, आणि आता आजारी लेकराला धरावं तसा छातीशी धरलेला.

"चालूच होत नाही," तो म्हणाला. "वाचेल का?"

"आत काय आहे?"

त्याची नजर टेबलावरच्या स्क्रूंच्या वाटीत जाऊन पडली. "आईचे... फोटो."

"खूप?"

"चाळीस."

दुकान माझ्या मामाचं. लोकांचे घरगुती कॉम्प्युटर आम्ही दुरुस्त करतो. मामाचा नियम एकच— वाचवलेल्यातली पहिली फाइल उघडायची, धड आहे ना बघायचं, लगेच बंद करायची. "डॉक्टरने नाडी बघावी," मामा म्हणतो, "पत्रं वाचू नयेत."

दुसऱ्या दिवशी त्याची डिस्क शेवटचा श्वास घेता घेता सगळं देऊन गेली. 'आईचे फोटो' असं लिहिलेला फोल्डर. मी पहिली फाइल उघडली... फोटो नव्हताच. गोष्ट होती.

लहानपणी टीव्हीवर अंतराळयानाची एक मालिका लागायची. ती मधेच बंद झाली. यानातली मेकॅनिक बाई दुरुस्तीसाठी बाहेर गेली, ती बाहेरच राहिली. तिच्यासाठी मी उशीत तोंड खुपसून रडले होते. सांगणार कुणाला? आणि इथे कुणीतरी तिला एकटीला सोडलं नव्हतं. चाळीस भाग लिहिले होते! काळोखात लोंबकळत ती यानाच्या पत्र्याशी बोलत होती— 'रुसू नकोस रे बाबा, मीही दमलेय.'

इथे फाइल बंद करायची होती. मी दुसरी उघडली. मग तिसरी.

एकतिसाव्या भागात यानाच्या टपावरचा कॉम्प्युटर बंद पडतो. बाई त्याला एक सणसणीत किक मारते आणि तो सुरू! मला खुदकन हसू फुटलं. अहो, कॉम्प्युटर आहे की मोटरसायकल? हाताला कामाची सवय. ते वाक्य पुसून मी लिहिलं— 'तिने मेमरीची पट्टी काढली, स्वच्छ फडक्याने पुसली, परत बसवली.' त्याच सवयीने बोटांनी सेव्ह केलं, फाइल बंदही केली.

मग हसू उतरलं. त्याचं वाक्य गेलं होतं. जुनी डिस्क कायमची झोपलेली. आठवून आठवून पाहिलं, पण शब्द जुळेनात. दुसऱ्याच्या घरात चोरपावलांनी शिरावं, आणि वर त्याचं सामान हलवून ठेवावं, असं करून बसले होते मी.

तो न्यायला आला तेव्हा मी मान वर केली नाही.

"आले का फोटो?"

"सगळे आले." आणि जीभ घसरलीच, "छान आहेत हो तुमच्या... आई."

त्याचे कान लालबुंद झाले. कॉम्प्युटर उचलून तो असा निघाला की हातमोजे टेबलावरच राहिले.

चार दिवस ते हातमोजे माझ्याकडे बघत होते. लाज ओंजळीत धरावी तर बोटांतून गळते, पदरात बांधावी तर पदर भिजतो.

"पोरी," मामा म्हणाला, "तीन कॉम्प्युटर जोडलेस आणि तीन स्क्रू उरलेत. तुझ्या डोक्यातले तर नव्हेत?"

मी सगळं सांगितलं. मामा रागावला नाही. तेच जास्त लागलं.

"मला काय सांगतेस?" तो म्हणाला. "ज्याचं वाचलंस त्याला सांग."

कोपऱ्यापलीकडे त्याचं गॅरेज. तो एका मोटरसायकलपाशी उकिडवा बसला होता.

"हातमोजे," मी म्हटलं.

"ठेवा तिथे." मान खालीच.

"आणि... मी वाचलं. सगळं. एक वाक्य बदललंही. तुमचं मला परत आणता येत नाही. चूक माझी आहे."

त्याच्या हातातला पाना थांबला. "ठाऊक आहे. फाइल कधी बदलली ते दिसतं."

"मग भांडायला का नाही आलात?"

"कुठल्या तोंडाने येऊ? एवढा घोडा झालो आणि यानाच्या गोष्टी लिहितो. आईचे फोटो म्हटलं की कुणी उघडत नाही, म्हणून ते नाव. तुम्ही हसला असाल."

"हसले."

मान आणखी खाली गेली.

"किकला हसले," मी म्हटलं. "ती पत्र्याशी बोलते ना... तिथे रडले."

बराच वेळ तो फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाचे पुसून झाले होते.

"तुमचं वाक्य तसंच ठेवलंय," तो म्हणाला. "पण घोळ झालाय. तेव्हापासून ती बाई तुमच्यासारखी बोलते. चार दिवस बाहेर लोंबकळून मला झापतेय, आत यायचं नाव घेत नाही."

"तिला आत या म्हटलंय का कुणी?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. गालावर ग्रीसचा बोटभर पट्टा.

"म्हटलं... तर येईल?"

"येईल. पण लाजेल फार."

"लाजू दे. यानात आधीच एक लाजरा बसलाय."

भिंतीवरचं दुसरं हेल्मेट काढून त्याने बाहीने पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. मग मोटरसायकल बाहेर काढून किक मारली. एक, दोन, तीन... गाडी ढिम्म.

"अरे, किक काय मारत बसलायस! प्लग काढ, पूस आधी—"

मी जीभ चावली. अरे-तुरे! ऐन रस्त्यात!

त्याने निमूटपणे प्लग काढला, स्वच्छ फडक्याने पुसला, परत बसवला. आणि मग, माझ्याकडे बघत, पायाने एकच किक.

गाडी सुरू झाली. मी हेल्मेट डोक्यात घातलं आणि काच झटकन खाली ओढली.