एकच औषध, दोन गाठी

मंगळवारी सकाळी शाल्मलीनं माझ्या प्रयोगशाळेचं दार असं ढकललं की मांडणीवरच्या काचपट्ट्या खणखणल्या.

"औषध खोटं आहे," ती म्हणाली. "नाहीतर डॉक्टर खोटे आहेत. नाहीतर तू!"

शाल्मली माझ्या भावाची नात, वय वर्षं अकरा. मिरजेत आमची घरं एकाच बोळात आहेत, आणि इथल्या रुग्णांच्या गाठी माझ्याच प्रयोगशाळेत तपासायला येतात. तिच्या आईला, ईश्वरीला, स्तनाचा कर्करोग झाला होता. चार घरं पलीकडे सतारी बनवणाऱ्यांच्या घरातल्या शिरीनलाही तोच, अगदी त्याच प्रकारचा. दोघींना एकाच दिवशी तीच औषधं सुरू झाली. तिसऱ्या डोसनंतर शिरीनची गाठ हाताला लागेना. ईश्वरीची मात्र जशीच्या तशी होती. शस्त्रक्रियेआधी ती आक्रसली नाही, तर आई वाचणं अवघड आहे, हे या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ते दाराआडून ऐकलं होतं.

"भजनाला आलेल्या बायका काय म्हणाल्या माहितेय, आत्याआजी? शिरीन मनानं खंबीर, म्हणून तिला गुण आला. ईश्वरी पहिल्यापासून मनाची कच्ची."

माझी कानशिलं तापली. २००४ साली माझी मोठी बहीण याच आजारानं गेली. तिनं जगायची इच्छाच सोडली, असं म्हणत बायका आमच्या ओट्यावर बसून चहा पीत होत्या. आज २०६१ साल आहे. त्यातल्या एकेकीचं नाव मला आठवतं.

"मनाबिनाचा काही संबंध नाही!" मी इतक्या जोरात म्हणाले की माझा यंत्रमानव चिमटा कोपऱ्यातून पुढे आला. त्याच्या दोन्ही हातांना बोटांऐवजी बारीक चिमटे आहेत.

"रक्तदाब वाढतोय, बाई," तो म्हणाला.

"वाढू दे. शिरीनच्या आणि ईश्वरीच्या गाठींचे तपासणीला आलेले तुकडे काढ."

शिरीनला आधी फोन लावून विचारलं. "दाखवा की पोरीला," ती म्हणाली. "माझ्या गाठीत काय सोनं लपवलंय?"

पूर्वी आम्ही बायोप्सी (गाठीचा सुईनं काढलेला छोटा तुकडा) मेणात बसवायचो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचो आणि जांभळ्या-गुलाबी रंगांत रंगवायचो. घरी जेवताना माझी नखं जांभळी असायची. पण त्या पेशी मेलेल्या असायच्या. आता तुकडा जिवंत ठेवता येतो. चिमट्यानं शिरीनचा पहिला तुकडा भिंतीवर मोठा करून दाखवला.

"या वेड्यावाकड्या मोठ्या दिसतात ना, त्या कर्कपेशी," मी म्हणाले. "आणि त्यांच्यामधून सरपटणाऱ्या बारक्या गोल पेशी?"

"जंतू?"

"टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार). या आपल्या. आम्ही शाळेत असताना दर सोमवारी बाई रांगेत उभं करून नखं बघायच्या. प्रत्येकानं हात पुढे करायचा. शरीरातही तसंच चालतं. प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचा नमुना आपल्या अंगाबाहेर धरते. टी-पेशी तो हातानं चाचपते. बिघडलेला निघाला, की त्या पेशीला मारते."

"मग या कर्कपेशींना का नाही मारलं?"

"काही नमुनाच लपवतात. काही त्याहून लबाड असतात. टी-पेशीच्या अंगावर एक कळ असते. ती दाबली की टी-पेशी थांबते. ही कळ शरीरानंच दिलेली, नाहीतर त्या चांगल्या पेशींनाही मारत सुटतील. कर्कपेशी नेमकी तीच दाबून धरते."

"चोर!" शाल्मली म्हणाली.

"चोरच. म्हणून आईला दोन औषधं देतात. केमोथेरपी (कर्कपेशी मारणारी रसायनं) काही पेशी फोडते. त्यांचे तुकडे सांडतात, त्यावरून टी-पेशींना ओळख पटते. दुसरं औषध ती कळ दाबू देत नाही. पण ही झाली अर्धी मदत. उरलेलं काम या बारक्यांनीच करायचं असतं. त्या गाठीत मुळात नसतील किंवा गप्प बसल्या, तर तेच औषध तिथं थिटं पडतं."

"हे तुम्हा तपासणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं?"

तिनं विचारलं आणि माझा राग पुन्हा उसळला. "दिसत होतं! मी नोकरीला लागले तेव्हा रोज दिसायचं. काही गाठींत या बारक्या पेशींच्या जांभळ्या ठिपक्यांची नुसती गर्दी. मी अहवालात तसं लिहायचे. साहेब म्हणायचे, बाई, गाठ केवढी ते लिहा, ठिपके कोण वाचतंय? ज्या बाईच्या गाठीत ते जास्त, तिला बऱ्याचदा गुण चांगला येतो, हे मान्य व्हायला फार उशीर झाला."

"मग आईच्या गाठीत ते नसतील," ती हळूच म्हणाली.

चिमट्यानं ईश्वरीचा पहिला तुकडा लावला. औषध सुरू होण्याआधीचा. मी पुढे वाकले. टी-पेशी होत्या. शिरीनपेक्षाही जास्त!

मग परवाचा तुकडा लावला. तिथं मोजक्याच उरल्या होत्या, आणि त्याही हलत नव्हत्या. त्यांच्या शेजारी कर्कपेशी निवांत वाढत होत्या.

"कुणीतरी त्यांना गप्प केलंय," मी म्हणाले. "चिमट्या, ईश्वरीचं रक्त बघ."

"स्टेरॉइड आहे, बाई. रुग्णालयानं दिलं त्याच्या कितीतरी पट. आणि रोजचं."

स्टेरॉइड (सूज आणि दुखणं दाबणारं औषध) टी-पेशींनाही दाबतं. डॉक्टर देतात ते मोजून, गरजेपुरतं. हे कुठून आलं?

शाल्मलीचा चेहरा उतरला. "आईचं तोंड गोल झालंय. भूक लागते तिला. गुडघे दुखायचे थांबले. सगळे म्हणतात, चूर्ण मानवलं."

"कुठलं चूर्ण?"

"प्रतिकारशक्ती वाढवायचं. आजीनं बाजारातून आणलेलं. मीच देते रोज सकाळी, मधातून." तिनं माझ्याकडे बोट केलं. "तूच म्हणालीस, दे म्हणून."

खरं होतं. भावजयीनं डबा माझ्या दारात आणला होता. मी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाले, सुंठ आहे, गुळवेल आहे, देऊ दे. चाळीस वर्षं गावभरच्या गाठी तपासणारी मी, आणि घरातली वस्तू म्हणून जिभेनं तपासली!

शाल्मली पळत जाऊन डबा घेऊन आली. चिमट्याला पाच मिनिटं पुरली. सुंठ होती, गुळवेल होती, आणि त्यात बारीक कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. अंगदुखी लगेच थांबते, गिऱ्हाईक पुन्हा येतं.

"म्हणजे मी आईला..."

"तू नाहीस!" मी तिचे दोन्ही खांदे धरले. "डब्यावर एक लिहून आत दुसरं भरणाऱ्यानं केलं. आणि न तपासता हो म्हणणारीनं, म्हणजे मी. यात तुझा वाटा शून्य. कळलं?"

तिनं डबा उचलला. "फेकून देते. आत्ताच्या आत्ता!"

"खबरदार! रोज बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं सोडून देतं. एकदम थांबवलं तर आई कोसळेल. डॉक्टर हळूहळू कमी करतील. आणि हा डबा पुरावा आहे."

त्याच दुपारी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो आणि तिथून औषध निरीक्षकांच्या कचेरीत. तिथला कारकून म्हणाला, "आजीबाई, अर्ज ठेवून जा." चिमट्यानं अहवाल मोठ्यानं वाचायला घेतला आणि थांबेचना. तेवीस मिनिटांनी साहेब स्वतः बाहेर आले. संध्याकाळी दुकानाला सील लागलं.

भावजय रडत होती. मी तिला म्हटलं, "रडू नकोस. तू निदान विचारलं होतंस."

शस्त्रक्रिया दोन महिने पुढे ढकलली. चूर्णातलं स्टेरॉइड डॉक्टरांच्या मोजक्या गोळ्यांनी टप्प्याटप्प्यानं उतरवलं, मूळ औषधं चालूच ठेवली. पाचव्या आठवड्याच्या तुकड्यात टी-पेशी हलताना दिसल्या. शाल्मलीनं भिंतीला नाक लावून एकशे बारा मोजल्या, मग चिमट्याशी भांडली, कारण तो एकशे नऊ म्हणत होता.

शस्त्रक्रियेनंतर काढलेला भाग मी स्वतः तपासला. चिमट्याला हात लावू दिला नाही. सगळे काप पाहायला दोन दिवस लागले. गाठीच्या जागी जखमेचा व्रण होता, आणि एका कडेला कर्कपेशींचा मोहरीएवढा पुंजका. त्याला टी-पेशींनी चारी बाजूंनी वेढलं होतं.

ईश्वरी आठवड्यानं माझ्याकडे आली. भिंतीवरच्या आपल्याच पेशींकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"आत्या, खरं सांगा. परत येईल?"

"हमी नाही देणार," मी म्हणाले. "अजून वर्षभर उपचार आहेत, मग तपासण्या. पण गाठ संपली तरी यातल्या काही टी-पेशी मरत नाहीत. त्यांना स्मृतिपेशी (एकदा पाहिलेला शत्रू लक्षात ठेवणाऱ्या पेशी) म्हणतात. वर्षानुवर्षं अंगात फिरत राहतात. तसलं काही पुन्हा दिसलं, तर त्या खेपेला ओळख करून द्यावी लागत नाही. त्या किती टिकतात, कशा वाढवायच्या, हे अजून पुरतं कळलेलं नाही."

"ते मी शोधणार," शाल्मली म्हणाली. मग माझ्याकडे वळून बघितलं. "म्हणजे त्या तुझ्यासारख्या आहेत, आत्याआजी. काहीच विसरत नाहीत."

"नाही विसरत."

"आणि राग?"

"तोही नाही," मी म्हणाले, आणि तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसायला माझी खुर्ची दिली.