पंगतीतला शेवटचा घास

"आमच्या गंगीला लसणाची चटणी चालत न्हाई. चपाती चालंल... चटणी तेवढी काढून ठेवा."

मी दचकून वळले. हातात उघडा डबा, डब्यात चपाती, आणि समोर तुळजाकाकूंची म्हैस मान लांब करून आशेनं बघत उभी! गोठ्याच्या दारात एक सावळा, उंच पोरगा खांद्यावर कडब्याची पेंढी घेऊन उभा होता. चोरी पकडली गेली की माणूस एक तर रडतं, नाहीतर चिडतं. मी चिडणाऱ्यांतली.

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय न्हाई. पण आई रोज इचारतीया, वरच्या खोलीतली पोरगी डबा संपवती का? मी म्हंतो, व्हय, एकदम साफ. गंगीबी खूश हाय."

म्हणजे याला आधीपासून माहीत होतं! माझे कान तापले. अर्ध्या तासापूर्वीच मी काकूंना हसून सांगितलं होतं, "पोट भरलंय हो काकू, अगदी गच्च." किती सहज बोलायचे मी ते वाक्य. आठ वर्षांची सवय होती.

मी दिशा, परभणीची. नोकरी हिंजवडीत, आणि राहायला शेजारच्या माण गावात तुळजाकाकूंच्या घरात, वरच्या खोलीत. हा त्यांचा मुलगा. सकाळ-संध्याकाळ कंपनीची बस चालवायचा, मधल्या वेळात म्हशी बघायचा.

"नाव काय तुमचं?"

"माऊली."

"अगं बाई! म्हणजे भांडायचीसुद्धा सोय नाही."

"भांडा की. फक्त आधी पाया पडा," तो म्हणाला, आणि मला हसू आलं. त्या दिवशी मला हसायचं नव्हतं, तरी आलं.

मग, का कोण जाणे, मी खरं सांगून टाकलं. "मी आजारी आहे. जेवणाचा आजार आहे मला."

"जेवणाचाबी आजार असतोय?"

"असतो. ताट समोर आलं की भीती वाटते."

तो हसला नाही. "आमच्याकडं मुबलक हाय, खा की" असंही म्हणाला नाही, आणि हे वाक्य मला आजवर शंभर जणांनी ऐकवलंय. त्यानं पेंढी खाली ठेवली आणि विचारलं, "मग औषध काय त्याला?"

औषध म्हणजे दर गुरुवारी भूगावला साधना मॅडमकडे जायचं. लोकांना वाटतं, थेरपी म्हणजे सोफ्यावर बसून रडायचं. रडते मीही, पण त्याहून जास्त गृहपाठ करते. वेळेवर जेवायचं, भूक असो वा नसो. घाबरायला झालं की पाय जमिनीवर टेकवून पाच वस्तू मोजायच्या. आणि डोक्यात जो आवाज सतत टोकतो, त्याला नाव द्यायचं, म्हणजे कळतं की तो वेगळा आहे, मी वेगळी. मी नाव ठेवलं बंडोपंत. चष्मा नाकावर, हात पाठीमागे, माझ्या प्रत्येक घासाची तपासणी करणारा खडूस म्हातारा!

त्या गुरुवारी मी मॅडमना म्हशीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "लपवलंस, पण मग सांगितलंसही. हे नवीन आहे, दिशा. त्या मुलासोबत बसून जेवून बघायचं का, आठवड्यातून एकदा? तुला पटलं तरच."

मला पटलं... थोडं जास्तच पटलं.

मग दर शनिवारी दुपारी आम्ही ओसरीवर समोरासमोर बसायचो. माऊली बस सुटायची असल्यासारखा जेवायचा. चार मिनिटांत ताट स्वच्छ! मी मात्र एका भाकरीशी अर्धा तास झुंजत बसायचे. तो हात धुऊन परत यायचा, भिंतीला टेकायचा. बंडोपंतांची ओळख मी त्याला पहिल्याच शनिवारी करून दिली होती.

"काय म्हंत्यात बंडोपंत?"

"म्हणतात, भाकरीला तूप कशाला?"

"त्यांना म्हणावं ओट्यावर बसा. हितं दोघांचीच जागा हाय."

असं बोलताना तो भाकरीकडे नाही, माझ्याकडे बघायचा. मी मान खाली घालायचे आणि हातातला घास नकळत पोटात जायचा. महिना गेला, दोन गेले. तो 'तुमी'वरून 'तू'वर कधी आला, मला कळलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, कळलं होतं.

आणि मग एका शनिवारी त्यानं घोळ घातला. मी जिना उतरत होते, तो खालून बघत होता, डोळे भरून. म्हणाला, "दिशा, काय झकास दिसतीयास! चांगलं अंग धरलंस की!"

गावात याहून गोड कौतुक नाही. पोरीनं अंग धरलं म्हणजे ती सुखात आहे. पण माझ्या डोक्यात बंडोपंत टाळ्या पिटत उठला, 'बघ! मी म्हणत होतो ना!' मी तशीच माघारी फिरले आणि दार लावून घेतलं. दोन दिवस दाराबाहेर लटकवलेला डबा जसाच्या तसा परत खाली जात राहिला.

तिसऱ्या दिवशी दारापलीकडून आवाज आला. "दिशा... माझं काय चुकलं ते कळंना. पण चुकलं एवढं कळतंय."

मी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाले, "माझ्या अंगाबद्दल बोलायचं नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही."

"मग कशाबद्दल बोलू?"

"कशाबद्दलही. गंगीबद्दल बोल."

"बरं. गंगी तुझी वाट बघतीया. तिच्यापेक्षा मी जरा जास्त."

मी रडले, हसले, आणि दार उघडून त्या दिवशीचा डबा आत घेतला. अर्धाच खाल्ला, पण खाल्ला.

दिवाळीच्या तोंडावर काकूंच्या घरी 'नवं' होतं. त्यांचं सगळं रान आयटी पार्कात गेलंय, ओढ्याकडचं एकच खाचर उरलंय. त्यातला पहिला भात देवाला दाखवायचा आणि मग सगळ्या भावकीनं एका पंगतीला बसून खायचा. काकूंनी मला हाताला धरून बसवलं. पंगतीचा नियम मला तिथं कळला : शेवटच्या माणसाचं होईस्तोवर कुणी उठायचं नाही.

शेवटची मीच असणार होते! वीस माणसं रिकाम्या ताटांपुढे बसून माझ्या तोंडाकडे बघणार. उठून पळावं, तर नव्या भाताचा आणि काकूंचा अपमान. मग कुठल्या तोंडानं राहणार होते मी त्या घरात, आणि त्या ओसरीवर?

एकेकाचं संपत गेलं. माझा अर्धा भात तसाच. बंडोपंत कानाशी ओरडत होता. मी पाय टेकवले, मोजायला लागले... समई, पाट, तांब्या, दारातलं तोरण... आणि पाचवी वस्तू शोधताना समोरच्या ताटाकडे नजर गेली. माऊलीचं ताट. एका कडेला एक घास भात, आणि तो तेवढाच भात उगाच बोटांनी कालवत बसलेला.

"माऊल्या, आटप की!" त्याचे आजोबा, कोंडाजीआबा, खेकसले. "रोज ताट गिळतोस, आज काय झालंय?"

"माझं व्हायचंय, आबा. लई दिसांनी नवा भात, जरा चवीनं खातुया."

सगळे त्याला हसायला लागले. त्याच्याकडे बघायला लागले. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं! त्याचा तो एक घास माझ्यासाठी थांबला होता. माझे डोळे भरून आले. एक घास घेतला, दुसरा घेतला. आंबेमोहराचा वास पहिल्यांदा नाकात शिरला. किती वर्षांनी मला भाताची चव कळत होती.

तीन-चार घास उरले तेव्हा मी मान वर केली. "माऊली, तू जेवून घे. आज शेवटची मी."

"नक्की?"

"नक्की. फक्त समोरून उठू नकोस."

"उठत न्हाई," तो हळू म्हणाला, आणि तो गार झालेला घास त्यानं तोंडात टाकला.

मग वीस माणसं बघत होती आणि मी जेवत होते. ताट संपलं तसं काकू पातेलं घेऊन आल्या. "आणखी वाढू का गं?"

"नको काकू. पोट भरलंय."

आठ वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा खरं बोलले होते.

हात धुताना माऊली शेजारी आला. तांब्यानं माझ्या हातावर पाणी घालत म्हणाला, "बंडोपंत गेले का?"

"ओट्यावर बसलेत. उद्या परत येतील."

"येऊ दे. मीबी हाय की उद्या."

"माऊली," मी म्हणाले, "मला तू आवडतोस. खूप."

पाणी माझ्या हातावरून सुटून त्याच्याच पायावर पडत राहिलं. त्याच्या लक्षातच आलं नाही.

"मग शनिवारचंच जेवण कशाला?" तो म्हणाला. "रोजच बसू की."