मोठ्या मामांच्या गाडीतला आकडा

हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण मामा थापा मारणाऱ्यातला नाही, आणि शेवटचे काही दिवस मी स्वतः तिथे होतो.

आणखी एक. यात मध्यरात्र नाही की ओसाड रस्ता नाही. सुरुवात झाली ती मंगळवारी, सकाळी सव्वाआठला, गॅरेजचं शटर वर केल्या केल्या. उजेडात कसली आलीय भीती, असं म्हणणाऱ्यांनी एकदा मामाला भेटावं.

गॅरेज दोघा भावांचं. मोठे मामा उस्ताद, धाकटा, म्हणजे ज्याची ही गोष्ट तो मामा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

मोठ्या मामांचा शिरस्ता ठरलेला. आधी जुनं ऑइल काढायचं. नवं भरायचं. इंजिन थोडं चालवायचं, बंद करायचं, इंजिनातली मापाची काडी ओढून ऑइलची पातळी बघायची. आणि सगळ्यात शेवटी गाडीतला सर्व्हिसचा दिवा विझवायचा. बटण दहा सेकंद दाबून धरलं की स्क्रीनवर ऑइलचं आयुष्य पुन्हा शंभर टक्के दिसतं.

"गाडीला ऑइल दिसत नसतं," ते म्हणायचे. "ती नुसती मोजते. किती चालली, किती तापली. आपण बदललं म्हणून सांगितलं, की बिचारी विश्वास ठेवते."

दुसरी सवय थापेची. काडी ओढायच्या आधी ते बोनेटवर दोनदा थाप मारायचे. ठक ठक. म्हणजे इंजिन बंद करा. जुन्या गिऱ्हाइकांचा हात ती थाप ऐकली की आपोआप चावीकडे जायचा.

मोठे मामा गेल्या वर्षी झोपेतच गेले. त्यांची गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहिली. मोठ्या मामीला ती विकवेना. मामाने बॅटरी काढून फळीवर ठेवली आणि वरून कापड टाकलं.

आता सगळा भार एकट्या मामावर. सकाळपासून गाड्यांची रांग, जेवायला फुरसत नाही. अशाच एका शनिवारी सिस्टर आल्या. गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक, दवाखान्यात नर्स आहेत. रोज सकाळी मुलीला मागच्या सीटवर बसवून बायपासचा उतार उतरायचा, तिला शाळेत सोडायचं आणि पुढे कामावर जायचं. गाडीत नारिंगी पाना, म्हणजे सर्व्हिसचा दिवा, पेटला होता. ऑइलचं आयुष्य पंधरा टक्के.

घाईत मामाने उलटं केलं. दिवा आधी विझवला, ऑइल नंतर काढू म्हणून. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक डोक्यावर येऊन बसलं. मामा त्याच्या गाडीखालच्या खड्ड्यात उतरला, आणि सिस्टर हुकावरची चावी घेऊन निघूनही गेल्या.

संध्याकाळी फळीवर त्यांच्या नावाचा ऑइलचा डबा दिसला. सील तसंच होतं.

फोन करायला हवा होता. मामाने केला नाही. मोठे शेठ गेले आणि गॅरेज बसलं, असं चार लोक आधीच बोलत होते. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं त्याला वाटलं. पुढच्या वेळी बदलू, एवढ्यात काय होतंय.

मग आला तो मंगळवार.

शटर वर गेलं. आत नेहमीचा अंधार, ऑइलचा नेहमीचा वास. आणि कोपऱ्यात, कापडाखाली...

उजेड.

मामाने कापड ओढलं. मोठ्या मामांच्या गाडीची स्क्रीन चालू होती. नारिंगी पाना, आणि खाली आकडा. चौदा.

त्याने बोनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी. दोन्ही वायरी लोंबत होत्या. मामाची पाचावर धारण बसली. त्याने कापड पुन्हा टाकलं आणि दिवसभर त्या कोपऱ्याकडे पाठ करून काम केलं.

गुरुवारी तेरा. शनिवारी बारा. रविवारी मुद्दाम येऊन बघितलं तर बाराच.

रविवारी सिस्टरना सुट्टी असते.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. मामाला कुणी काही सांगावं लागलं नाही. सिस्टरच्या गाडीत खोटा आकडा होता. खरा आकडा इथे येऊन बसला होता.

मग आवाज सुरू झाले. मामा बाहेरच्या गाडीवर वाकलेला असायचा, आणि आत खड्ड्यातून...

टण्ण.

ऑइलचा नट रिकाम्या पातेल्यात पडला की येतो तोच आवाज. पुढे धार पडायला हवी, मग थेंब. मामा श्वास रोखून उभा राहायचा. धार कधीच पडायची नाही. पातेलं जाऊन बघावं तर कोरडं ठणठणीत, नटही नाही.

रोज तेच. टण्ण. आणि मग काहीच नाही.

आकडा सहावर आला तेव्हा न राहवून त्याने फोन लावला. पण खरं सांगवेना. गाडी बरी चालतेय ना, एवढंच कसंबसं विचारलं.

"एकदम छान," सिस्टर म्हणाल्या. "एक्याण्णव टक्के दाखवतंय. तुमच्या हातचं काम म्हणजे काळजीच नको."

मामाने फोन ठेवून दिला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दोन आठवड्यांनी, बुधवारी, शटर उघडलं तेव्हा आकडा एक होता. घड्याळात आठ वीस. सिस्टर आणि मुलगी आत्ता बायपासला लागल्या असणार. मामा बघत असतानाच आकडा बदलला.

शून्य.

नारिंगी पाना विझला. त्याच्या जागी लाल दिवा लागला, तेलाच्या बुधलीचा. पाना म्हणजे सर्व्हिसची आठवण, दोन दिवस इकडेतिकडे चालतं. लाल बुधली म्हणजे इंजिनात तेलाचा दाब नाही, आहे तिथे थांबा. चालत्या गाडीचं इंजिन उतारावर जाम झालं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा होतो. आणि मागून ट्रक येत असतात.

मामाने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. ऑइलचा डबा उचलून तो स्कूटरकडे पळाला, आणि मागून, कोपऱ्यातून...

ठक ठक.

त्याने वळून पाहिलं नाही. "दादा, जातोय," एवढंच म्हणाला आणि स्कूटरला किक मारली.

सिस्टरची गाडी उताराच्या अगदी तोंडाशी, रस्त्याच्या कडेला उभी होती. चारी दिवे लुकलुकत होते. मायलेकी कठड्याला धरून उभ्या होत्या, दोघी धडधाकट. मामा स्कूटरवरच रडला.

सिस्टरनी सांगितलं ते असं. लाल दिवा त्यांनी पाहिलाच नव्हता, नजर रस्त्यावर होती. उतार लागणार तेवढ्यात बोनेटवर दोनदा थाप पडली. त्यांनी घाबरून गाडी कडेला घेतली.

"मोठ्या शेठची आठवण झाली हो," त्या म्हणाल्या. "हात आपोआप चावीकडे गेला."

मामाने काडी ओढली. काडी कोरडी होती. इंजिन आधीपासून ऑइल खात होतं, आणि बदलायचं ते त्याने बदललंच नव्हतं. तिथेच, रस्त्यावर उभं राहून, त्याने सगळं खरं सांगितलं.

सिस्टरनी मुलीला जवळ ओढलं.

"मुलगी मागे बसली होती," त्या म्हणाल्या. त्या गॅरेजला परत आल्या नाहीत.

कोपऱ्यातली स्क्रीन काळी पडली होती. नऊ दिवस काळीच राहिली. मामा दोन घास जेवायला लागला. दहाव्या दिवशी त्याने मला बोलावून घेतलं.

मी स्वतः पाहिलं. बॅटरी फळीवर, वायरी लोंबत, आणि स्क्रीनवर नारिंगी पाना. अकरा.

"आता हा आकडा कुणाच्या गाडीचा?" मी विचारलं.

मामा स्टुलावर बसला. त्याने हात पुसायला फडकं घेतलं आणि नुसतं धरून ठेवलं.

"ती एकच गाडी नव्हती," तो म्हणाला. "त्या महिन्यात आणखी पाच होत्या. कधी चुकून राहिलं. कधी... चुकून नाही."

आम्ही गिऱ्हाइकांची वही काढली. एकेकाला फोन केले. लोक आले, मामाने हात जोडले, सगळ्यांचं ऑइल बदललं. शिव्याही खाल्ल्या. संशय नको म्हणून माझ्या गाडीचंही बदललं. प्रत्येक गाडीनंतर आम्ही कोपऱ्यात जाऊन बघायचो. आकडा उतरतच होता.

पाचातल्या चार सापडल्या.

पाचवी विकली गेलीय. ज्याने घेतली त्याने पुढे कुणालातरी दिली, त्यानेही पुढे विकली. पांढरी, लहान गाडी, एवढंच मामाला आठवतं. अशा पांढऱ्या गाड्या रोज शेकड्याने जातात. मामा आता रस्त्यावर उभा राहून त्यांच्याकडे बघत असतो. मीही बघायला लागलोय.

कुणीतरी ती चालवतंय. मागच्या सीटवर त्यांचं कुणीतरी बसलंय. समोर ऐंशीच्या वरचा आकडा आहे, म्हणून ते निश्चिंत आहेत. मोठ्या मामांची थाप त्यांनी कधी ऐकलेली नाही. उद्या बोनेटवर ठक ठक झालं, तरी थांबायचं त्यांना कळणार नाही.

काल संध्याकाळी दोन होता.

जुनी पांढरी गाडी घेतली असेल, तर आज काडी ओढून बघा.