मॅडमशी बोलणं झालंय

लॅपटॉप बंद पडला तेव्हा त्याची वाढीव वॉरंटी अजून शिल्लक होती. ती बायकोच्या नावावर होती. मी काखेत पिशवी मारून दुरुस्ती केंद्रात गेलो आणि बायको आता हयात नाही, हे काउंटरवर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वारसाचे कागद, नावबदल, सगळं शुक्लकाष्ठ मागे लागलं असतं. सरकारी खात्यात जुन्या पुलांच्या भेगा तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली; कागद कसे अडतात ते मला ठाऊक आहे.

"मालकांना येता येणार नाही," एवढंच म्हणालो.

अंथरुणाला खिळल्यावर ती दार लोटून घ्यायची आणि लेकीसाठी थोडं थोडं बोलून या लॅपटॉपमध्ये साठवायची. लेकीला दिवस गेले होते. बाळ झाल्यावर तिने ते ऐकायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं. दुसरीकडे कुठेच प्रत नव्हती.

"डिस्क बदललीत तर जुनी मला परत हवी," मी काउंटरवरच्या बाईंना बजावलं.

मग सुरू झाला फोनांचा खेळ. दर वेळी तीच धून, दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून रामायण. पार्ट मागवलाय. पार्ट आलाय, पण चुकीचा. एकदा लॅपटॉप घरी आला, तो कीबोर्ड नवा कोरा आणि पडदा काळा तो काळाच. पुन्हा नेऊन दिला.

आणि एका सकाळी त्यांचाच फोन आला.

"सर, काम झालंय. मॅडमशी बोलणं झालं. जुनी डिस्क परत नको म्हणाल्या."

"कुठल्या मॅडम?"

"ज्यांच्या नावावर आहे त्याच."

दुसऱ्याच कुणाची चिठ्ठी आमच्या मशीनला लागली असणार, असं मी स्वतःला समजावलं. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जाऊनच या."

भर दुपारी गेलो. आत तापलेल्या धातूचा वास होता. काचेपलीकडे उघडी मशीनं ओळीने मांडलेली. बाईंनी त्यांचा पडदा माझ्याकडे वळवला. फोन आलेला नंबर बायकोचाच होता. तो मी स्वतः जाऊन बंद करून आलो होतो.

तिथूनच लावून पाहिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही.

"आम्ही केला तरी लागत नाही," बाई म्हणाल्या. "त्याच करतात. फार मऊ बोलतात. मधेमधे दम खायला थांबतात."

मी काउंटरची कड धरली. "काय म्हणाल्या? नेमकं सांगा."

बाईंनी आतल्या तंत्रज्ञाला हाक मारली. तो हात पुसत आला.

"लेकीचं तेवढं नव्या डिस्कवर घ्या म्हणाल्या. घेतलंय. बाकीचं यांना देऊ नका, म्हणाल्या. ऐकत बसतील."

बाकीचं काही होतं, हेच मला माहीत नव्हतं.

"काय होतं त्यात?"

"मी उघडलं नाही, सर. जुनी डिस्क कंपनीत गेली. तिथे तिचा चुरा करतात."

मी भांडायला हवं होतं. लोटलेल्या दाराबाहेर मी चहाचा कप घेऊन उभा असायचो, आतलं बोलणं थांबायचं आणि मगच ती "ये" म्हणायची. तेवढंच डोळ्यांपुढे आलं.

तंत्रज्ञाने मशीन सुरू करून दाखवलं. एकच फोल्डर. त्यावर लेकीचं लाडाचं नाव, चिमणी. मी सही केली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि दाराकडे वळलो.

मागे काउंटरवरचा फोन वाजला.

"हो मॅडम," बाई म्हणाल्या. "दिला त्यांना. निघालेत."

मी थांबलो. वळायचं धैर्य होईना.

"नाही, रडले नाहीत."

वळलो. रिसीव्हर कानाला लावून त्या माझ्याकडेच पाहत होत्या. डोक्यापासून खाली, सावकाश, कुणी सांगेल तसं. नजर छातीपाशी थांबली.

"हो मॅडम," त्या म्हणाल्या. "तुटलेलंच आहे अजून."

मी खाली पाहिलं. शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या जागी नुसता दोरा लोंबत होता.