शेठने वाजवलेली फरशी

कुणी थापा म्हणेल, म्हणू दे. त्या घरात मी उभा होतो, तुम्ही नव्हतात.

गेल्या चैत्रातला शनिवार. सिल्वासाजवळ अथालला आमच्या नव्या बिल्डिंगचा चौथा मजला. भर दुपारचे सव्वाबारा.

मी सुधाकर. भास्करशेठकडे एकोणीस वर्षं सुपरवायझर. शेठ शहाद्याकडून गवंडी म्हणून आले आणि मसाटला कामगारांच्या खोल्या बांधता बांधता बिल्डर झाले. पण एक खोड सुटली नाही. ताबा द्यायच्या आधी प्रत्येक फ्लॅटची फरशी स्वतः सळईने ठोकून बघायचे. खाली पोकळ राहिलेली फरशी बद्द वाजते. तिच्यावर लाल खडूने फुली. फुली म्हणजे उखडा आणि पुन्हा बसवा.

"जिथं मी झोपणार नाही, ते घर मी विकणार नाही," म्हणायचे. आम्ही जाम वैतागायचो.

होळीला शेठ वारले. मुलगा निलेश म्हणाला, अक्षय्य तृतीयेला सगळ्यांना चाव्या द्यायच्या, ठोकाठोक बंद. चौदा फ्लॅटच्या तपासणीवर मी बसल्या जागी सह्या केल्या.

पंधरावा फ्लॅट माझा. तो मात्र नीट वाजवून घेतला. जन्म भाड्याच्या खोलीत गेला होता हो.

त्या शनिवारी बायकोला, मनीषाला, घर दाखवायला आणलं. कुलूप काढलं आणि...

टक्.

टक्... टक्.

आतल्या खोलीतून. धावत गेलो. कुणीच नाही.

फरशीवर ताजी लाल फुली.

मी फरशी उखडली. खाली सिमेंटचा माल गच्च भरलेला. पुन्हा बसवली. सोमवारी शेजारच्या फरशीवर फुली. तीही गच्च. बुधवारी तिसरी. नाकी नऊ आले. अकरा फरश्या फोडल्या, एकही पोकळ नाही! बाकीचे लोक मुहूर्तावर राहायला आले, आमचा मुहूर्त टळला.

शेवटी मी मोकळ्या खोलीत ओरडलो, "शेठ, माझ्या घरात खोट काय आहे ते तरी सांगा!"

टक् टक् आवाज थांबला.

मनीषा दारात उभी होती. हळूच म्हणाली, "अहो, बाकीच्यांची वाजवली होती ना?"

मी खाली बघत फरशीचे तुकडे गोळा करू लागलो. तिला काय ते कळलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे सगळं शांत. वाटलं, सुटलो एकदाचा. कसलं काय...

आठवड्यात समोरच्या लीलाताई आल्या. विचारत होत्या, "भर दुपारी आमच्या बेडरूममध्ये कोण ठोकतं?"

मी गेलो. पलंगाखाली लाल फुली होती. सळई मारली...

बद्द.

मग खालच्या मजल्यावरून फोन आला. मग त्याच्याही खालून.

निलेशला सांगितलं, सगळी फरशी उखडू. तो म्हणाला, काका, तोंड उघडू नका, सह्या तुमच्या आहेत. माझं डोकंच फिरलं, पण सह्या खरंच माझ्या होत्या.

मनीषा अजून मसाटच्या भाड्याच्या खोलीतच आहे. लोकांची घरं नीट केल्याशिवाय आपल्या घरात पाऊल ठेवणार नाही म्हणते. मी एकटाच इथे राहतो. माझ्या घरात चिटपाखरू नाही, तरी दुपारी डोळा लागत नाही.

रोज बाराच्या पुढे लोकांचे फोन सुरू होतात. मी सांगतो, पाण्याच्या पाइपचा आवाज असेल.

आजही पाच जणांना तेच सांगितलं.