शेंदूर लागलेली रत्ना

"मोर न्हाई! काल हितंच हुता!" देवू ओरडला.

जया आणि जयसिंग धावत आले. रिहे गावाच्या वरच्या रानात कुशाबा सुतारांनी पडलेल्या झाडांतूनच मोर, माकडं, भेकरं कोरली होती. दिवाळीच्या सुट्टीत जया पुण्याहून मामाकडे आली, की मामेभाऊ जयसिंग आणि वाडीवरचा देवू यांना घेऊन आधी तिथे जायची. आज मोराच्या जागी नुसतं दबलेलं गवत होतं आणि काहीतरी ओढत नेल्याच्या खुणा!

खुणा थेट कोळशाच्या भट्टीपाशी गेल्या. राखेत मोराचा अर्धा जळका पिसारा पडला होता. जयाला रडूच कोसळलं.

"रडतीस काय? पडल्यालं लाकूड माझ्या ठेक्यात हाय," भिवाजी ठेकेदार विडी झटकत म्हणाला. "उद्या ती पोरगीबी भट्टीत!"

ती पोरगी म्हणजे रत्ना. कुशाबांची लेक आणि या तिघांची मैत्रीण. पावसाळ्यात तापाने गेली. कुशाबांनी ऐनाच्या ओंडक्यात तिला कोरली होती. वेण्या, परकर, हातातली चिंचसुद्धा झाली होती. डोळे तेवढे राहिले होते. "मन धजत न्हाई," असं ते म्हणत.

मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ठेकेदाराच्या नादी लागू नका." मोठी माणसं नेमकी अशा वेळी शहाणी होतात!

"भट्टीवरची मानसं ठेकेदाराला भितात," जयसिंग म्हणाला, "पर देवाला त्याच्यापरीस जास्त!"

दुसऱ्या दिवशी दुपारी गडी भाकरी खायला बसले आणि तिघांनी देवळातून पळवलेला शेंदूर तेलात कालवून रत्नाला, माकडांना, भेकरांना फासला. मग झुडपात दडून बसले.

गडी आले. शेंदूर बघून पुढच्याने हातातला दोर खाली टाकलाच!

"देवाला भट्टीत घालू? आमाला पोरंबाळं हायेत, मालक!"

भिवाजीने शिव्या दिल्या, एकट्याने ओंडका रेटून पाहिला. तो तसूभर हलेना. शेवटी पाय आपटत निघून गेला. पोरं टाळ्या पिटत बाहेर आली, आणि जागीच थबकली.

समोर कुशाबा उभे होते. हातात पटाशी. आज डोळे कोरायला मन धजलं होतं. त्यांच्यामागून शेंदूर शोधत देवीची पूजा करणाऱ्या गोजराबाई आल्या.

"कुशाबा, थांब! शेंदूर लागला. आता हत्यार लावायचं न्हाई."

"आमीच लावला!" देवू रडकुंडीला आला. "खोटा हाय त्यो!"

"कुनीबी लावूंदे. लागला त्यो लागला."

कुशाबा मटकन खाली बसले. "लेक वाचली रं," ते म्हणाले, "पर आंधळीच ऱ्हायची आता."

जयाला वाटलं, हे आपण काय केलं? मग तिला एकदम देवळातली देवी आठवली.

"गोजराआजी, देवीला तुम्ही चांदीचे डोळे का बसवलेत?"

"का म्हंजी? देवीला दिसाया नगं?" गोजराबाई बोलून गेल्या. मग त्यांनी रत्नाच्या डोळ्यांच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. "उघड बाबा डोळं. पर आदी पाया पड."

बापाने लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं. ते लवकर वर येईना. मग पटाशी चालू लागली.

"शाबास रं पोरांनो!" गोजराबाई पुटपुटल्या. "शेंदूर मातुर इचारून न्यायचा."

कुशाबांनी भुसा फुंकला. तिघं पुढे वाकली. चिंचा चोरताना पकडल्यावर रत्ना जशी तिरकं बघायची, अगदी तशीच ती आता त्यांच्याकडे बघत होती.