मागे सुरी!

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. माझ्या मामाच्या पाठीवर टाक्यांचे व्रण आहेत आणि ते टाके घालताना मी दवाखान्यात होते.

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवार होता, दिवस कलत होता. मामाने एक बंद पडलेलं रेस्टॉरंट चालवायला घेतलं होतं. खाली जेवणाची टेबलं, वर लाउंज. एके काळी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. मामा स्वयंपाक शिकला तो तिथेच, मुख्य आचारी असलेल्या वस्तादांच्या हाताखाली.

त्या किचनचा एक नियम होता. सुरी घेऊन कुणाच्या मागून जायचं तर "मागे सुरी!" असं ओरडायचं. ऐकणाऱ्याने वळायचं नाही. जागच्या जागी थांबायचं.

त्या काळी रेस्टॉरंटचा लाउंज बघणारा एक भागीदार होता. त्याचं आणि वस्तादांचं बिनसलं होतं. एका दुपारी तो मागून आला.

"मागे सुरी!" म्हणाला.

वस्ताद थांबले.

त्याने सुरी पाठीत खुपसली. उपसली, पुन्हा खुपसली. वस्ताद उकळत्या तेलाच्या कढईवर कोसळले, दोन्ही हात तेलात, आणि तिथेच गेले. रेस्टॉरंट त्याच दिवशी बंद झालं. भागीदार पुढे तुरुंगात मेला.

"भुतं असती तर निदान भांडी तरी घासून ठेवली असती," मामा त्या रविवारी हसत म्हणाला. साफसफाई चालली होती, तो शेगडी खरवडत होता. मी दारात, हातात झाडू.

वर लाउंजमध्ये खुर्ची सरकली...

मग जिन्यावर पावलं...

मामाचा हात थांबला. पावलंही थांबली.

"मागे सुरी!"

आवाज आम्हा दोघांच्या मधून आला. तिथे कुणीच नव्हतं.

मामाला सगळं ठाऊक होतं. पण हाडीमाशी खिळलेली सवय... तो ताठ उभा राहिला.

"मामा, वळ! अरे, पळ!" मी किंचाळले. पाय मात्र हलेनात.

त्याचा शर्ट वरपासून खालपर्यंत फाटला. रक्त शेगडीवर उडालं. पुढच्याच क्षणी तो हिसका बसून बाजूला फेकला गेला. तेव्हा कुठे माझे पाय सुटले. मी त्याला कसंबसं फरफटत बाहेर काढलं.

दवाखान्यात तो म्हणाला, "तू दंडाला धरून बाजूला ओढलंस म्हणून वाचलो गं."

मी तर तेव्हा दारातच होते.

नर्सने बाही कापली. दंडावर पाच बोटांचे फोड होते, गरम तेलाने भाजल्यासारखे. मामाने ते पाहिले आणि ढसाढसा रडला.

आता तो तिथे परत जायचं म्हणतोय. "वस्तादांना त्या नराधमाबरोबर एकटं कसं सोडू?"

चावी मी लपवून ठेवली आहे. पण काल तो कुलूप तोडणारा माणूस शोधत होता...